शेतकऱ्यांचे कैवारी जोतीराव फुले

जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ सालीं माळी कुटुंबांत झाला. पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत ते शिकले, व १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा काढिली, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. शेतकऱ्यांसाठीं ते सरकाराशीं कसे झगडले, तें आम्ही येथें सांगतों.

१८७५ सालीं सुपें येथें कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगा केला. सरकारनें १८७९ सालीं कायदा करून सावकारांस आळा घातला. परंतु ज्यास दस्तऐवज वाचतां येत नाहीं, त्याचें रक्षण कायदा कोठवर करणार? रयतेच्या श्रमाचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, असें जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनास स्पष्ट कळविलें.

पुढील वर्षीं त्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांत जबर साऱ्यावर टीका होती, तसे उपायही होते: बांध घालून माती व पाणी अडवावें, गुरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांस शेतकीचें शिक्षण द्यावें. लेखन इतकें कडक कीं, स्नेह्यांच्या ‘दीनबंधु’ पत्रानेंही कांहीं भाग छापून हात आखडला. जोतीरावांनीं तें जुन्नर, ओतूर, हडपसर येथें लोकांस वाचून दाखविलें. १८८८ सालीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस ते शेतकऱ्याच्या वेषांत गेले, आणि रयतेची खरी स्थिति त्यांनीं पाहुण्यांपुढें मांडली.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते पुण्यांत वारले. शेतीविषयीं कायदे आजही होतात. ते स्वतः वाचून निर्भयपणें बोलणारा शेतकरी घडविणें, हेंच शाळांचें एक मोठें कार्य होय, असें आम्हांस वाटतें.