जॉर्ज ईस्टमन : कॅमेऱ्याचं ओझं उतरवणारा बँकेतला कारकून

लार्ज फॉरमॅट कॅमेरा म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगते. ज्या कॅमेऱ्यात ४×५ इंच किंवा त्याहून मोठी निगेटिव्ह बसते, तो लार्ज फॉरमॅट. रचना अगदी साधी असते : पुढे लेन्सची फळी, मागे धुरकट काच, मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घडीचा भाता. काचेवर उलटं चित्र बघून फोकस करायचं, मग काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा. ४×५ च्या एका निगेटिव्हचं क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिमी फ्रेमच्या जवळपास पंधरा पट भरतं. त्यामुळे बारकावे असे येतात की बघतच राहावं.

हल्ली बरेच हौशी लोक असा कॅमेरा घरी बनवतात, प्लायवूडमधून किंवा थ्रीडी प्रिंटरवर. मीही सध्या एक जुळवतेय. सगळ्यांचे प्रश्न दोनच : वजन कमी कसं करायचं आणि खर्च आवाक्यात कसा ठेवायचा. आपण लगेच लाकूड, कार्बन फायबर, स्क्रू यांचे ग्रॅम मोजायला लागतो. पण हेच दोन प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावच्या एका बँक कारकुनाला पडले होते, आणि त्याने कॅमेऱ्याच्या पेटीकडे जवळजवळ दुर्लक्ष केलं. वजन पेटीत नाहीच, हे त्याला आधी कळलं. कोडॅकचा जॉर्ज ईस्टमन तो हाच.

ईस्टमनचा जन्म १२ जुलै १८५४ चा, वॉटरव्हिल नावाच्या छोट्या गावातला. वडिलांनी रॉचेस्टरमध्ये व्यापारी शिक्षण देणारी शाळा काढली होती. मुलगा आठ वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा ते वारले. आई मरियाने घरात भाडेकरू ठेवून संसार ओढला. दोन बहिणींपैकी एकीला पोलिओ होता आणि ती लहान वयातच गेली. पोराने शाळा सोडली आणि विम्याच्या कचेरीत आठवड्याला तीन डॉलरवर निरोप्या म्हणून लागला. १८७४ साली तो रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कारकून झाला. इंजिनिअरिंगचं शिक्षण शून्य. पुढे आयुष्यभर त्याने हिशेबाची वही मात्र काटेकोर ठेवली, आणि मला वाटतं त्याचं खरं शिक्षण तेच.

१८७७ च्या सुमाराला त्याच्या डोक्यात कॅरिबियनमधल्या सांतो दोमिंगोला जायचं घोळत होतं. बँकेतल्या एका सहकाऱ्याने सुचवलं की जातोच आहेस तर फोटो काढून आण. त्याने सामान घेतलं आणि एका स्थानिक फोटोग्राफरला पाच डॉलर देऊन शिकवणी लावली. मग त्याला कळलं की फोटो काढणं म्हणजे विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणं आहे.

तेव्हाची पद्धत ‘वेट प्लेट’ची. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. हातात साधारण दहा मिनिटं. म्हणजे डोंगरावर फोटो काढायचा तर डार्करूमही डोंगरावर हवी. तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचेची भांडी, पाण्याचा बुधला, जड तिपाई आणि वर तो मोठा कॅमेरा. घोड्यावर लादावं इतकं सामान. कॅमेरा लहान का नाही करायचा? कारण तेव्हाचा छपाईचा कागद इतका मंद होता की त्याला थेट ऊन लागायचं. निगेटिव्ह कागदावर ठेवून उन्हात धरायची. निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढा. मोठा फोटो हवा तर मोठी काच आणि मोठा कॅमेरा, दुसरा उपाय नाही.

सांतो दोमिंगोची सहल राहूनच गेली. फोटोचं वेड मात्र लागलं.

ईस्टमनने या सामानाची यादी डोळ्यांपुढे ठेवली, तर त्यात कॅमेरा ही एकच वस्तू होती. बाकी सगळं ओझं एकाच कारणाने होतं : काच ओली असावी लागते. ते कारण काढलं की तंबू, बाटल्या, बुधला सगळं एकदम गळून पडतं. आमच्या धंद्यात प्रोग्रॅम हळू चालत असेल तर आधी मोजतात की वेळ नेमका कुठे जातोय, आणि मगच कोडला हात लावतात. ईस्टमनने वजनाचं तेच केलं.

उपाय इंग्लंडमध्ये तयार होत होता. रिचर्ड लीच मॅडॉक्स या डॉक्टरने १८७१ साली जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइड मिसळून कोरडी प्लेट करता येते, हे छापून सांगितलं होतं. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेटने दाखवलं की ते मिश्रण बराच वेळ गरम ठेवलं तर प्रकाशाला कितीतरी जास्त संवेदनशील होतं. ईस्टमन इंग्रजी फोटोग्राफी मासिकांतून या कृती वाचायचा, दिवसभर बँकेत काम करायचा आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात इमल्शन शिजवायचा. कित्येकदा तिथेच शेगडीजवळ अंग टाकायचा.

पण कोरडी प्लेट त्याचा शोध नव्हता, आणि तसा दावा करायचं कारणही नाही. त्याने प्रश्न वेगळा पकडला : हाताने एकेक काच माखत बसलो तर प्लेट महागच राहणार आणि प्रत्येक वेगळी निघणार. म्हणून त्याने काचेवर इमल्शनचा सारखा थर देणारं यंत्र बनवलं. १८७९ साली तो स्वतः लंडनला गेला आणि तिथे पेटंट घेतलं. अमेरिकन पेटंट एप्रिल १८८० मध्ये मिळालं. १ जानेवारी १८८१ ला हेन्री स्ट्राँग याच्याबरोबर भागीदारीत ईस्टमन ड्राय प्लेट कंपनी सुरू झाली. स्ट्राँग बग्गीचे चाबूक बनवायचा आणि कधीकाळी ईस्टमनच्या आईकडे भाड्याने राहिला होता. सप्टेंबरात ईस्टमनने बँक सोडली.

पुढच्याच वर्षी कंपनी बुडता बुडता राहिली. प्लेट्स अचानक मरायला लागल्या. कृती तीच, माणसं तीच, यंत्र तेच, पण काचेवर चित्र धड उमटेना. ईस्टमनने विकलेल्या खराब प्लेट्स बदलून दिल्या, कारखाना बंद ठेवला आणि शेकडो प्रयोग केले. एकही लागू पडला नाही. शेवटी तो इंग्लंडला गेला, तिथल्या एका प्लेट कारखान्यात शिकला आणि दोष सापडला : जिलेटिन. नवा माल वेगळा होता. जुन्यासारखं जिलेटिन मिळाल्यावर गाडी रुळावर आली.

जिलेटिनमध्ये नेमकं काय कमी होतं, हे कळायला चाळीसहून जास्त वर्षं गेली. १९२५ च्या सुमाराला कोडॅकच्याच प्रयोगशाळेतल्या सॅम्युअल शेपर्डने उलगडा केला. जनावरांच्या कातडी-हाडांपासून जिलेटिन बनतं. ती जनावरं मोहरीवर्गातल्या वनस्पती खात असतील, तर जिलेटिनमध्ये गंधकाची संयुगं अगदी कणभर येतात, आणि तीच इमल्शनला तेज करतात. आपल्या फोडणीतल्या मोहरीला ज्याने झणका येतो, त्याच्याच नात्यातली ही रसायनं. फोटो येणार की नाही, हे गुरांच्या चाऱ्यावर अवलंबून होतं! एखाद्या लायब्ररीचा पुरवठादार गुपचूप बदलला आणि आपली सिस्टीम कोसळली, तर कसं वाटतं हे ज्याने अनुभवलंय, त्याला १८८२ चा ईस्टमन लगेच समजेल. त्यानंतर कच्चा माल तपासल्याशिवाय वापरायचा नाही, ही त्याची शिस्त झाली.

तंबू गेला, पण काच राहिली होती. जरा हिशेब करू. ८×१० इंचाची २ मिमी जाडीची काच घ्या : वजन साधारण २६० ग्रॅम. दोन डझन काचा म्हणजे सव्वासहा किलो, होल्डर वेगळे. तेवढ्याच आकाराची आजची प्लास्टिकची शीट फिल्म १३-१४ ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे वजनाचा दुसरा मोठा चोर काच होती.

१८८४-८५ मध्ये ईस्टमनने विल्यम वॉकर या कॅमेरा बनवणाऱ्याला बरोबर घेऊन ‘रोल होल्डर’ काढला. ही कल्पना मला फार आवडते. नवा कॅमेरा घ्या, असं ते म्हणालेच नाहीत. ज्याच्याकडे जो मोठा प्लेट कॅमेरा आहे, त्याच्याच पाठीला काचेच्या होल्डरऐवजी ही चपटी पेटी लावायची. आत कागदी फिल्मची गुंडाळी, किल्ली फिरवली की पुढचा तुकडा समोर. दोन डझन फोटो आणि काचेचं वजन नाही. म्हणजे रोल फिल्म जन्माला आली ती मोठ्या कॅमेऱ्यांसाठी.

आणि तिथे ती आपटली. कागदाचे तंतू फोटोत दिसायचे. मग त्याने अशी फिल्म काढली की डेव्हलप झाल्यावर कोमट पाण्यात कागद सुटून येई आणि इमल्शनचा पातळ पापुद्रा मागे राही. पापुद्रा काचेवर घ्यायचा, मग जिलेटिनच्या पारदर्शक कातडीवर चढवायचा... वाचतानाच दम लागतो. व्यावसायिक फोटोग्राफरांनी हात जोडले आणि ते काचेकडे परतले. त्यांना ओझं चालत होतं, दर्जा घसरलेला चालत नव्हता.

इथे ईस्टमनने गिऱ्हाईकच बदललं. हा पापुद्रा सोडवायचा उद्योग लोकांना जमत नाही ना, मग तो कारखान्यात करू. १८८८ चा कोडॅक कॅमेरा यातून आला. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंची गुंडाळी भरलेली. फोटो संपले की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा; दहा डॉलरात फोटो छापून आणि नवी गुंडाळी भरून परत. ही सोय लोकांना जादू वाटली. मुळात ती एका किचकट रसायनप्रक्रियेवरची पळवाट होती. फोटो मात्र अडीच इंच व्यासाचे, गोल. वजन गेलं, त्याबरोबर मोठी निगेटिव्हही गेली. ‘कोडॅक’ हा शब्द त्याने आईबरोबर अक्षरं जुळवत बनवला असं सांगतात. अर्थ काहीच नाही; के हे अक्षर त्याला आवडायचं, बस.

१८८९ मध्ये कंपनीतला तरुण रसायनतज्ज्ञ हेन्री रायकेनबाख याने सेल्युलॉइडची पारदर्शक, लवचीक फिल्म जमवली, आणि पापुद्र्याची कटकट संपली. एडिसनच्या प्रयोगशाळेतला हलत्या चित्रांचा कॅमेरा याच फिल्मवर उभा राहिला. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनमध्ये सिनेमाचं सामान घेतलं, तेव्हा कच्ची फिल्म कोडॅकचीच मागवली.

पण या फिल्मच्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, आणि त्याला वगळून ईस्टमनचं चरित्र सांगणं मला पटत नाही. न्यूजर्सीतल्या नेवार्कचे हॅनिबल गुडविन हे पाद्री होते. बायबलच्या धड्यांसाठी चित्रं हवीत म्हणून ते फोटोग्राफीकडे वळले आणि काचेऐवजी सेल्युलॉइड वापरायच्या प्रयोगात गुंतले. त्यांनी पेटंटचा अर्ज मे १८८७ मध्ये केला, म्हणजे ईस्टमन-रायकेनबाखच्या जवळपास दोन वर्षं आधी. कोडॅकवाल्यांना पेटंट १८८९ मध्येच मिळालं. गुडविनना सप्टेंबर १८९८ मध्ये. अकरा वर्षं अर्ज, हरकती, दुरुस्त्या! कारखाना नीट सुरू व्हायच्या आत, १९०० च्या शेवटच्या दिवशी, रस्त्यातल्या अपघातानंतर ते वारले. त्यांचं पेटंट दुसऱ्या कंपनीने घेतलं, खटला चालला आणि १९१४ मध्ये निकाल कोडॅकच्या विरुद्ध गेला. ५० लाख डॉलर द्यावे लागले. गुडविन जाऊन तेरा वर्षं उलटली होती, आणि कोडॅकने त्या फिल्मवर त्याच्या कितीतरी पट कमावलं होतं. ईस्टमनला ‘फिल्मचा जनक’ म्हणणारे लेख वाचताना मला म्हणूनच अडखळायला होतं. फिल्म स्वस्त, एकसारखी आणि गावोगावी मिळेल अशी त्याने केली, हे निर्विवाद. ती पहिल्यांदा सुचली दुसऱ्याला.

स्वस्त करण्यात तो थांबला नाही. १९०० सालचा ब्राउनी कॅमेरा, फ्रँक ब्राउनेलने घडवलेला, एका डॉलरला मिळायचा. पुठ्ठ्याची पेटी, साधी लेन्स, सहा फोटोंची फिल्म पंधरा सेंटला. पहिल्याच वर्षी दीड लाखांवर खपले. दुसरीकडे कोडॅक प्रतिस्पर्धी विकत घेत सुटली. अमेरिकन सरकारने मक्तेदारीचा खटला भरला आणि १९१५ मध्ये तोही कंपनी हरली.

१९१३ ची एक घटना मात्र फारशी कोणी सांगत नाही, आणि आमच्यासारख्या कॅमेरा जुळवणाऱ्यांना तीच सगळ्यात महत्त्वाची. त्या वर्षी कंपनीने ‘ईस्टमन पोर्ट्रेट फिल्म’ आणली : गुंडाळी नाही, सुट्ट्या कापलेल्या शीट. ज्या व्यावसायिकांनी तीस वर्षांपूर्वी रोल होल्डर नाकारला होता, त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यांतून काच हळूहळू बाहेर पडायला लागली. मोठी निगेटिव्ह आणि कमी वजन, दोन्ही एकदम. पेटीला काच पेलायची नसली की ती पातळ लाकडाची चालते, तिपाई बारीक चालते. आज घरी हलका ४×५ बनवता येतो तो या शीटमुळे.

ईस्टमनने लग्न केलं नाही. १९०७ मध्ये आई गेली. पुढे त्याने पैसा वाटायला घेतला : संगीत विद्यालय, मुलांचे दातांचे दवाखाने, कृष्णवर्णीयांसाठीच्या टस्कीगी आणि हॅम्प्टन या शिक्षणसंस्था. एमआयटी या इंजिनिअरिंगच्या संस्थेला त्याने सुमारे दोन कोटी डॉलर दिले, तेही ‘मिस्टर स्मिथ’ या टोपणनावाने. नाव बाहेर आलं १९२० मध्ये. शेवटची वर्षं पाठीच्या कण्याच्या आजाराने फार जड गेली. चालणंही अवघड झालं. १४ मार्च १९३२ ला, ७७ व्या वर्षी, रॉचेस्टरच्या घरी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

त्याच्या अस्थी कोडॅकच्या कारखान्याच्या आवारात आहेत. कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी फिल्मवर इमल्शनचा थर चढवायचं काम रॉचेस्टरच्या त्याच वसाहतीत होतं. ४×५ ची ट्राय-एक्स अजूनही मिळते. आता तिचा डबा स्वस्त म्हणावा असा राहिलेला नाही, वजनाला मात्र काहीच नाही.