टिळकांचा कायद्याचा वर्ग

पुण्याचे विधि महाविद्यालय १९२४ मध्ये निघाले. त्याच्या तीन दशके आधी याच शहरात कायद्याचा एक खासगी वर्ग भरत असे आणि तेथील शिक्षक होते बाळ गंगाधर टिळक, याचे स्मरण आज फारसे कोणाला नाही.

रत्नागिरीस १८५६ मध्ये जन्मलेले टिळक १८७९ मध्ये एल्‌एल. बी. झाले. वकिली थाटण्याचा मार्ग मोकळा असता १८८० मध्ये त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्याला वाहून घेतले. अल्प वेतनावर शिकविणे आणि बाहेरच्या मिळकतीचा मोह टाळणे, हे ते आजीव सदस्यांचे व्रत मानीत. याच प्रश्नावरून सहकाऱ्यांशी मतभेद विकोपास गेले व १८९० मध्ये त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली.

पाठीशी संसार होता. 'केसरी'चे कर्जही लवकरच शिरावर आले. हायकोर्ट व जिल्हा वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्यांसाठी टिळकांनी काढलेला वर्ग आणि लातूरच्या जिनिंग कारखान्यातील भागीदारी, यांवर घर चालले. वर्तमानपत्रावर पोट अवलंबून नव्हते, म्हणूनच त्यातील मत कोणाचे मिंधे राहिले नाही. पुढे लोककार्याचा व्याप वाढला आणि वर्ग बंद झाला.

मात्र शिकविताना घासूनपुसून लख्ख झालेली विद्या वाया गेली नाही. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. एकवीस तासांहून अधिक चाललेल्या त्या भाषणात त्यांनी राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ उलगडला आणि मराठी लेखांच्या इंग्रजी भाषांतरातील चुका दाखविल्या. ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन असा विरोधी गेला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली, तरी कायद्याच्या भाषेतच सरकारला जाब विचारता येतो, हे साऱ्या देशाने पाहिले. ताईमहाराज प्रकरणातही १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा निकाल त्यांच्या बाजूने लागेपर्यंत त्यांनी चिकाटी सोडली नाही.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तले. त्यांच्या वर्गाची ना इमारत उरली, ना परंपरा. आज गल्लोगल्ली खासगी वर्ग चालतात आणि त्यांची निंदाही होते. टिळकांनीही विद्येचे मोल घेतलेच होते. पण त्या पैशातून त्यांनी आपले स्वातंत्र्य राखले आणि ते लोकांच्या कामी लावले. विद्या विकणाऱ्या व विकत घेणाऱ्या आजच्या पिढीने स्वतःला विचारावा, असा प्रश्न येथेच आहे.