पंडिता रमाबाई : विद्येची तहान



५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, अँग्लिकन होत्या. तरी त्यांचे चरित्र आपल्या मुलींना ठाऊक असावे.

त्यांचा जन्म १८५८ सालचा. स्त्रीने संस्कृत शिकणे तेव्हा अधर्म मानले जाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले म्हणून त्यांना शास्त्री मंडळींपुढे जाब द्यावा लागला. ते कुटुंबासह गंगामूळच्या रानात राहिले, पुढे तीर्थोतीर्थी फिरले. आई पहाटे उठून रमेला पाठ देई. भागवताचे हजारो श्लोक मुलीला मुखोद्गत झाले. मग दुष्काळ आला. आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी देशभर पायी हिंडले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वय अवघे वीस!

(त्याच शतकात आपल्या आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळखही मिळाली नाही. त्यांच्या ओव्या इतरांनी लिहून घेतल्या म्हणून वाचल्या.)

रमाबाईंनी दुसऱ्या जातीतील बंगाली वकिलाशी विवाह केला. दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या १८८३ साली वैद्यक शिकण्यास इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने ते साधले नाही. तिथे मायलेकींचा स्नानसंस्कार झाला.

आता जे सांगतो ते आम्हा धर्मगुरूंना टोचणारे आहे. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुषांना संस्कृत शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील अँग्लिकन बिशपांनीच हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवू नये म्हणे! एका धर्माचे कुंपण ओलांडून आलेल्या बाईपुढे आपणच दुसरे घातले. रमाबाईंनी श्रद्धा सोडली नाही आणि मानही तुकवली नाही. माझा विवेक मी कुणाच्या हाती देणार नाही, अशा आशयाचे त्यांनी स्पष्ट कळवले.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले. दुष्काळातल्या अनाथ मुली तिथे लिहायला शिकल्या. उतारवयात रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरवले. १९२२ साली त्या वारल्या. त्या बायबलचे खिळे जुळवले ते केडगावच्या छापखान्यातल्या बायकांनीच.