भावाच्या खिशातले पत्र

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात क्लिफर्ड बिअर्स १८ वर्षांचे होते, तेव्हा म्हणजे १८९४ मध्ये, त्यांच्या थोरल्या भावाला फिट्स येऊ लागल्या. आपल्यालाही हे होणार, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली. बाहेरून सगळे सुरळीत होते. १८९७ मध्ये येल विद्यापीठाची पदवी मिळाली, मग न्यूयॉर्कमध्ये नोकरी. १९०० मध्ये मात्र त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. ते वाचले आणि मनोरुग्णालयात पोचले, पहिल्या भीतीनंतर तब्बल सहा वर्षांनी.

पुढची तीन वर्षे तीन रुग्णालयांत गेली. बांधून ठेवणे, मारहाण, थंड कोठडी, सगळे वाट्याला आले. भेटायला येणारे नातेवाईक हे वेश घेतलेले गुप्तहेर आहेत, असा त्यांचा पक्का समज होता. दोन वर्षे ते जवळजवळ बोललेच नाहीत. अखेर त्यांनी भाऊ जॉर्ज यांना घरच्या पत्त्यावर पत्र लिहिले आणि येताना हेच पत्र घेऊन या, असे कळवले. ऑगस्ट १९०२ मध्ये जॉर्जनी ते खिशातून काढून दाखवले आणि तो भ्रम तिथेच तुटला. आजार संपला नव्हता. लगेच उन्मादाची अवस्था आली. पण विश्वासाचा एक माणूस परत मिळाला होता.

१९०३ मध्ये ते बाहेर पडले. १९०८ मध्ये आत्मकथन प्रसिद्ध केले, १९०९ मध्ये राष्ट्रीय समिती उभी केली आणि १९१३ मध्ये न्यू हेवनमध्ये दाखल न होता उपचार मिळतील असा दवाखाना काढला. १९२२ पासून समितीच्या मदतीने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रेही निघाली. हे चांगलेच झाले. पण मूल मोठे झाल्यावर त्याला तिथून मोठ्यांच्या दवाखान्यापर्यंत कोण नेणार, हा प्रश्न मागेच राहिला.

माझ्या सरकारी ओपीडीत तो रोज दिसतो. एकोणीस वर्षांचा मुलगा येतो आणि आधीची औषधे कोणती, हे त्याची आई पिशवीतल्या रिकाम्या पाकिटांवरून सांगते. आजार, डोस, तो कोणाशी मोकळा बोलतो, एवढे आधीच्या डॉक्टरांनी एका पानावर लिहून द्यावे. जमल्यास पहिली भेट दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यावी. याला पैसे लागत नाहीत.

बिअर्स १९३९ मध्ये पुन्हा मनोरुग्णालयात दाखल झाले. १९४३ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या नावाचा न्यू हेवनमधला दवाखाना आज मुख्यतः मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना तपासतो.