दुर्गभूमीचे वाचक : रामचंद्रपंत अमात्य

आपल्या सिकंदराबादेच्या आसमंतात जिकडे पाहावे तिकडे प्रचंड शिळांच्या टेकड्या आणि सखल भागात साठविलेले तलाव दिसतात. अजाण माणसाला तेथे नुसते दगड आणि पाणी दिसते. जाणत्याला तीच भूमी एखाद्या ग्रंथासारखी वाचता येते. प्राचीन चीनमध्ये भूमिवाचनाच्या विद्येला ‘वारा आणि पाणी’ अशा अर्थाचे ‘फंग-श्वे’ हे नाव होते. चौथ्या शतकातील ग्वो फू या पंडिताच्या नावावर असलेल्या ग्रंथात, भूमीतील प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, असे प्रतिपादन आहे. आपल्याकडेही सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्ष आणि वारुळे पाहून भूगर्भातील पाणी ओळखण्याची लक्षणे सांगितली. मराठी भाषेत भूमीची अशी पारख शब्दबद्ध करणारा पुरुष म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. मात्र त्यांची पारख शुभाशुभाची नव्हती. ती राज्य राखण्याच्या गरजेतून आलेली होती.

पंतांचा जन्म 1650 च्या सुमारास झाला. त्यांचे वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांच्या पदरी होते. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांत अमात्यपदी हा सुमारे चोवीस वर्षांचा तरुण उभा होता. राज्याचा जमाखर्च पाहणे हे त्याचे काम. कोणत्या प्रदेशात काय पिकते आणि कोणता गड काय खातो, हे त्याला हिशेबाच्या वह्यांतूनच कळले असले पाहिजे.

पुढे कसोटीचा काळ आला. औरंगजेबाने 1686 मध्ये विजापूर व 1687 मध्ये गोवळकोंडा जिंकला. 1689 मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला आणि त्याच वर्षी रायगडही पडला. राजाराम महाराज दूर जिंजीस गेले. मागे महाराष्ट्राचा भार ‘हुकमतपन्हा’ या किताबाने रामचंद्रपंतांवर आला. राजा दूर, खजिना रिता, शत्रू दारात. अशा वेळी विशाळगडासारख्या दुर्गम स्थळाच्या आश्रयाने त्यांनी सुमारे नऊ वर्षे कारभार हाकला. शंकराजी नारायणांसारखा सहकारी आणि संताजी-धनाजींसारखे सेनानी त्यांच्या जोडीस होते. सह्याद्रीचे कडे, खिंडी आणि दाट रान यांनी फौजेइतकीच साथ दिली.

या अनुभवाचे सार 1715 मध्ये कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावे सिद्ध झालेल्या ‘आज्ञापत्रा’त उतरले. त्यातील दुर्गांचे प्रकरण विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत. झरा असला तरी एकट्या त्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या हादऱ्याने तो आटू शकतो. गडाच्या माऱ्यात येईल असा दुसरा उंच डोंगर शेजारी नसावा. दरवाजा बाहेरून एकदम दिसू नये आणि येण्याजाण्यास एकच वाट नसावी. गडाच्या घेऱ्यातील झाडी जतन करावी. प्रत्येक सूचनेमागे कारण आहे, आणि त्या कारणामागे कोणा तरी शिबंदीची तहान किंवा मृत्यू असावा, असे वाचताना वाटते.

तरीही मला या ग्रंथातील सर्वांत थोर भाग आरमाराच्या प्रकरणात दिसतो. जहाजांस लाकूड हवे; पण त्यासाठी रयतेच्या आंब्या-फणसास बळाने हात लावू नये, असे पंत बजावतात. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊनच ते घ्यावे. फणसाच्या सावलीत ज्याचे बालपण गेले, त्याला या आज्ञेचे मर्म निराळे सांगावे लागत नाही. पंतांच्या लेखी भूमी म्हणजे नुसते कडे आणि टाकी नव्हे; तिच्यावर घाम गाळणारी माणसेही तिच्यातच आली.

पंतांचे उत्तरायुष्य मात्र सुखाचे नव्हते. 1707 नंतर शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या पक्षांत राज्य दुभंगले. पंतांनी ताराबाईंची बाजू घेतली. 1714 मध्ये पन्हाळ्यावर पुन्हा सत्तांतर झाले आणि पंत संभाजीराजांच्या बाजूस राहिले. एकेक गड फितुरीपासून कसा राखावा हे सांगणाऱ्या या मुत्सद्द्याला एका घराण्याची फूट सांधता आली नाही. आज्ञापत्रानंतर थोड्याच काळात, 1716 मध्ये, त्यांचे निधन झाले. पन्हाळगडावर त्यांची समाधी आहे.

विद्यार्थिमित्रांनो, गोवळकोंड्यास जाल तेव्हा पंतांच्या दृष्टीने तो किल्ला पाहा. तेथे पाणी होते, उंची होती, भक्कम तटही होते. सुमारे आठ महिने तो झुंजला. अखेर आतूनच दार उघडले गेले. म्हणूनच पंतांनी जागेइतकीच माणसांची निवड महत्त्वाची मानली आणि गडावरील अधिकारी विश्वासू असावेत, ठराविक मुदतीने बदलावेत, असा दंडक घातला. भूमी कितीही अनुकूल असो, तिची किंमत अखेर तिच्या राखणदारांवर ठरते. आपली शाळा, आपले गाव, आपला देश यांचे राखणदार उद्या तुम्हीच व्हायचे आहे.