खंजिरीवाले तुकडोजी महाराज

आज मी तुम्हांला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची माहिती सांगणार आहे. त्यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. त्यांचे नाव माणिक. वडिलांचे नाव बंडोजी आणि आईचे नाव मंजुळाबाई. घरची फार गरिबी होती. वडील शिवणकाम करत. माणिकची शाळा तिसरीनंतर सुटली. म्हंजे आपल्यापेक्षा एक यत्ता कमीच.

माणिकला शाळेपेक्षा भजनाचा नाद जास्त. वरखेड गावी आडकोजी महाराज होते. ते त्याचे गुरू. त्यांनीच त्याचे नाव तुकड्या ठेवले. हे नाव कोणाला चिडवायला ठेवल्यासारखे वाटते, पण महाराजांना ते आवडले. पुढे त्यांनी मराठीत आणि हिंदीत हजारो भजने रचली आणि त्यांत स्वतःचे नाव तुकड्या असेच घातले. गुरू वारल्यावर ते लहान वयातच घर सोडून रामटेक, सालबर्डी अशा जंगलांत फिरले. आपल्या तोरण्याच्या रानात दिवसासुद्धा एकट्याला भीती वाटते. ते तर रात्री पण राहायचे.

आता खंजिरीचे सांगतो. आपल्या भोर-वेल्ह्याकडे भजनाला पखवाज, टाळ आणि पेटी असते. जत्रेला ढोल-लेझीम असते. खंजिरी फारशी दिसत नाही, म्हणून ती कशी असते ते नीट लिहितो. एक लाकडाचे गोल कडे असते, ताटलीएवढे. त्याच्या एका बाजूला कातडे ताणून बसवलेले असते, दुसरी बाजू मोकळी. कड्याला खाचा पाडून त्यांत पितळेच्या चकत्या अडकवलेल्या असतात. एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. कातड्यावर थाप पडली की चकत्या पण छुन छुन वाजतात. म्हणजे ढोल आणि झांज एकातच.

पखवाज चांगलाच असतो. पण त्याला दोन तोंडे, डाव्या तोंडाला मळलेली कणीक लावावी लागते, आणि वाजवायला वेगळा माणूस लागतो. पेटीवाला पण वेगळा. खंजिरीचे तसे नाही. गाणाराच वाजवतो. बासरी वाजवताना गाता येत नाही, कारण तोंड गुंतते. खंजिरी वाजवताना तोंड मोकळे राहते. ठेका वाढवायचा की कमी करायचा ते गाणाराच्याच हातात. ती पिशवीत मावते, म्हणून रानातून, पायवाटेने कोणत्याही गावी नेता येते. पावसात मात्र कातडे ढिले पडते आणि आवाज बद्द येतो. मग चुलीजवळ शेकवावी लागते. आपल्याकडे लोक डफ शेकवतात तशीच. आपल्या पावसात खंजिरीचे लई हाल झाले असते.

महाराज ही खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. त्यांचे भजन ऐकायला खूप गर्दी जमे. भजनात ते फक्त देवाचे सांगत नसत. गाव झाडा, दारू सोडा, शिवाशिव पाळू नका, सगळ्यांनी एकत्र बसून प्रार्थना करा, असे सांगत. मला वाटते नुसते भाषण केले असते तर लोक उठून गेले असते. खंजिरी वाजली की लोक बसून राहत. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम काढला. १९३६ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावले. तिथे ते सुमारे महिनाभर राहिले.

१९४२ साली चले जाव चळवळ सुरू झाली. महाराजांच्या भजनांनी विदर्भातल्या लोकांना जोर आला. चिमूर आणि आष्टी येथे लोक इंग्रज सरकारविरुद्ध उठले. तिथे गोळीबार झाला आणि माणसे मेली. इंग्रजांनी महाराजांना ऑगस्ट महिन्यात पकडले. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. ज्यांच्याजवळ बंदूक नाही, तलवार नाही, फक्त एक खंजिरी आहे, त्यांना एवढे मोठे सरकार का भ्याले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. लोक त्यांचे ऐकत होते म्हणून भ्याले असेल. डिसेंबरात त्यांना सोडले.

स्वातंत्र्य मिळाल्यावर महाराजांनी ग्रामगीता लिहिली. तिचे ४१ अध्याय आहेत. गाव कसे असावे, रस्ते, शेती, शिक्षण, सगळे त्यात ओव्यांमध्ये आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटले. विनोबाजींच्या भूदान चळवळीतही त्यांनी काम केले. १९५५ साली ते जपानला धर्म आणि शांतीच्या मोठ्या परिषदेला गेले आणि तिथे पण खंजिरी वाजवून भजन म्हटले. जपानी लोकांना मराठी, हिंदी कुठून कळणार? पण ठेका सगळ्यांना कळतो. १९६२ आणि १९६५ च्या लढायांच्या वेळी ते सीमेवर गेले आणि जवानांपुढे गायले. १९६७ साली कोयनेला भूकंप झाला, तेव्हाही त्यांनी लोकांना मदत केली. तो भूकंप आपल्याकडे पण जाणवला होता. आमचे आजोबा सांगतात की घरातली भांडी फळीवरून खाली पडली होती.

नंतर महाराजांना कर्करोग झाला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला त्यांचे निधन झाले. तिथेच त्यांची समाधी आहे. पुण्यतिथीला तिथे लाखो माणसे जमतात आणि काही वेळ गप्प उभी राहून श्रद्धांजली वाहतात.

१९९३ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. २००५ साली नागपूरच्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज असे नाव दिले. तिसरीतून शाळा सुटलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला आहे, हे मी घरी आईला दोनदा सांगितले.

इयत्ता चौथी