सुसान्नाबाई वेस्ली : ओढग्रस्तीच्या संसारातील प्रार्थना

मेथडिस्ट मंडळीचे संस्थापक जॉन वेस्ली आणि त्यांचे बंधू, हजारो गीतांचे कर्ते चार्ल्स वेस्ली, यांची नावे आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या परिचयाची आहेत. परंतु ज्या माउलीपाशी हे दोघे प्रभूची प्रार्थना बोलावयास शिकले, तिचे चरित्र थोड्यांसच ठाऊक असते. दारिद्र्य, कर्ज, पुत्रशोक व शेजाऱ्यांचे वैर या सर्वांतून जात असता प्रार्थनेने मनुष्यास कसे बळ मिळते, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी तिचे चरित्र अवश्य वाचावे.

सुसान्नाबाईंचा जन्म 20 जानेवारी 1669 रोजी लंडन शहरी झाला. त्यांचे वडील डॉक्टर शमुवेल ॲनस्ली हे मोठे विद्वान उपदेशक होते. विवेकबुद्धीस न पटणारे नियम पत्करण्यापेक्षा त्यांनी 1662 साली आपल्या पाळकपदावर पाणी सोडले होते. त्यांच्या 25 अपत्यांत सुसान्ना ही सर्वांत धाकटी. ही मुलगी लहानपणापासून विचारी व करारी होती. जितका वेळ करमणुकीत घालवीन तितका तरी प्रार्थनेत व मननात घालवीन, असा नेम तिने तरुणपणीच केला. 1688 साली तिचा विवाह शमुवेल वेस्ली यांच्याशी झाला.

पुढे शमुवेल वेस्ली यांस लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी पाळकाची जागा मिळाली. हा मुलूख सखल व दलदलीचा असून लोक शेतकरी होते. पाळकसाहेब विद्वान व प्रामाणिक होते. परंतु व्यवहारात त्यांचे लक्ष थोडे आणि हिशेबात त्याहूनही थोडे. शेतीत हात घालून त्यांनी कर्जात भर टाकली. घरात 19 लेकरे जन्मली आणि त्यांतील 9 बाल्यावस्थेतच प्रभूकडे गेली. उरलेल्यांच्या अन्नवस्त्राची विवंचना आईच्या माथी असे.

या घरात पतिपत्नींमध्ये कधी मतभेद झाला नाही असेही नाही. राजासाठी केलेल्या प्रार्थनेस पत्नी आमेन म्हणत नाही, हे पाळकसाहेबांच्या ध्यानात आले. तो राजा कायदेशीर नव्हे, असे बाईंचे मत होते. या वादावरून पती काही काळ घर सोडून गेले. 1702 साली समेट झाला, आणि पुढील वर्षी, 17 जून 1703 रोजी, जॉनचा जन्म झाला.

1705 हे साल तर अतिशय कठीण गेले. त्या वर्षी पार्लमेंटची निवडणूक होती व पाळकसाहेबांचा पक्ष गावातील बलिष्ठ मंडळींस रुचला नाही. बाई बाळंतिणीच्या खोलीत असता जमावाने रात्रभर खिडकीखाली आरडाओरड केली व पिस्तुले उडविली. बाळास सांभाळणारी दाई जागरणाने थकून गाढ झोपी गेली आणि तिच्या अंगाखाली ते तान्हे मूल गुदमरून मेले. हा घाव ताजा असतानाच, 30 पौंडांहूनही कमी अशा एका कर्जापायी पाळकसाहेबांस धरून लिंकन येथील तुरुंगात टाकण्यात आले. दुष्टांनी त्यांच्या गाईंस भोसकले, त्यामुळे लेकरांचे दूधही आटले. बाईंनी आपल्या बोटांतील अंगठ्या काढून पतीकडे पाठविल्या. पतीने त्या परत केल्या. यॉर्कचे मुख्य बिशप शार्प यांनी, तुम्हांस कधी भाकरीची वाण पडली काय, असे बाईंस विचारले. त्यांनी खरे तेच सांगितले. भाकरी अगदीच मिळाली नाही असे झाले नव्हते. पण ती मिळविण्यास व मिळाल्यावर तिचे पैसे फेडण्यास इतके कष्ट पडत की तो घास गोड लागत नसे. बिशपसाहेबांनी उदार हाताने साहाय्य केले व इतर मित्रांच्या मदतीने काही महिन्यांनी पाळकसाहेब सुटून आले.

अशा दिवसांत ही बाई कशाच्या आधारे उभी राहिली? त्या दररोज सकाळी व सायंकाळी नेमाने एकांतात बसून शास्त्रवाचन, आत्मपरीक्षण व प्रार्थना करीत. भरल्या घरात एकांत कोठला मिळणार? म्हणून त्या ओढणीसारखा आपला एप्रन डोक्यावरून घेऊन बसत व तो पाहताच मुले गप्प होत, अशी आख्यायिका सांगतात. ती कशीही असो, नेम मात्र खरा. त्याच नेमातून घरची शाळा चालली. मूल पाच वर्षांचे झाले की दुसऱ्या दिवशी त्यास मुळाक्षरे शिकवीत व अक्षरे येताच उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून वाचन सुरू होई. सकाळी तीन तास व दुपारी तीन तास ही शाळा सुमारे 20 वर्षे चालली. मुलींस वाचता आल्यावाचून शिवणकामास बसवावयाचे नाही, असा त्यांचा दंडक होता.

9 फेब्रुवारी 1709 च्या रात्री घरास आग लागली. सर्व बाहेर पडले, पण पाच वर्षांचा जॉन माडीवर राहिला. जिना पेटलेला होता. बाप गुडघे टेकून लेकराचा आत्मा देवाच्या हाती सोपवीत असता एक शेजारी दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि खिडकीतून मुलास ओढून घेतले. त्याच क्षणी छप्पर कोसळले. पुस्तके, कागदपत्रे, कपडालत्ता सर्व जळाले; तरी पाळकसाहेबांनी शेजाऱ्यांस जवळ बोलावून गुडघे टेकून देवाचे आभार मानले.

पुढील हकिकतीचा आपल्या हिंदुस्थानाशी संबंध आहे. 1706 साली डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले मिशनरी झीगेनबाल्ग व प्लुत्शौ हे तामिळ मुलखात तरंगमबाडी येथे उतरले होते. त्यांच्या कार्याचा वृत्तांत मुलीने वडिलांच्या पुस्तकांतून काढून आईस वाचून दाखविला. मी काही मिशनरी होऊ शकत नाही, परंतु माझ्या पदरी जे आत्मे आहेत त्यांच्यासाठी याहून अधिक करू शकेन, असे बाईंच्या मनाने घेतले. तेव्हापासून आठवड्यातील एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून त्याच्याशी त्याच्या आत्म्याविषयी एकांती बोलण्याचा त्यांनी प्रघात पाडला. जॉनचा वार गुरुवार होता.

1711–12 च्या हिवाळ्यात पती लंडनास असता बाई रविवारी सायंकाळी स्वयंपाकघरात मुलांस व चाकरांस घेऊन प्रार्थना करीत व उपदेश वाचून दाखवीत. हे पाहून शेजारी येऊ लागले. संख्या वाढत वाढत 200 वर गेली. पाळकसाहेबांच्या जागी असलेल्या मदतनीसास हे खपले नाही. स्त्रीने असे करणे शोभत नाही, अशी तक्रार लंडनास गेली व पतीनेही सभा बंद करावी असे लिहिले. बाईंनी नम्रपणे उत्तर पाठविले की, या सभांमुळे लोक उपासनेस अधिक येऊ लागले आहेत व शेजाऱ्यांशी असलेले वैर निवळले आहे. आपली बंद करण्याचीच इच्छा असेल तर स्पष्ट आज्ञा द्यावी, म्हणजे न्यायाच्या दिवशी त्याचा जाब मजकडून घेतला जाणार नाही. तशी आज्ञा आली नाही.

प्रार्थनेने बाईंचे कर्ज एका रात्रीत फिटले नाही. हेट्टी नावाच्या बुद्धिमान मुलीच्या पायी घराने मोठे दुःख भोगले. एप्रिल 1735 मध्ये पती वारले तेव्हा थकलेल्या खंडापायी विधवेची गुरेढोरे जप्त झाली. त्याच वर्षी जॉन व चार्ल्स यांस दूर अमेरिकेतील जॉर्जिया प्रांती देवाच्या कामास जाण्यास त्यांनी आडकाठी केली नाही. 1739 साली थोरला मुलगा शमुवेल निवर्तला. त्याच वर्षी, सत्तरीच्या वयात, प्रभुभोजन घेत असता आपल्या पापांची क्षमा झाली अशी खात्री त्यांच्या अंतःकरणास नव्याने पटली.

अखेरची वर्षे त्या जॉनपाशी लंडन येथे राहिल्या. दीक्षा न झालेला मॅक्सफील्ड नावाचा साधा मनुष्य उपदेश करू लागला म्हणून जॉन रागावले, तेव्हा आईने त्यांस सांगितले की, आधी त्याचे बोलणे ऐक व फळे पाहा, मग निर्णय कर. जॉनने ऐकले व मान्य केले. आपल्या गावोगावच्या उपदेशकांनी ही गोष्ट विसरू नये. 23 जुलै 1742 रोजी सुसान्नाबाईंनी देह ठेवला. आपला प्राण जाताच मुलांनी देवाच्या स्तुतीचे स्तोत्र गावे, अशी त्यांची अंतिम इच्छा होती व मुलांनी ती पुरी केली.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी सावकाराचा तगादा आहे, कोणाचे लेकरू गेले आहे, कोणाशी गाव बोलत नाही. सुसान्नाबाईंपाशी आपल्याहून अधिक फुरसत नव्हती व पैसाही नव्हता. चुलीजवळची जागा, भरले घर आणि नेमलेली वेळ, एवढ्यावर त्यांनी देवाचा हात धरला आणि संकटात तो सोडला नाही. आजच्या सायंकाळी दिवा लागल्यावर आपणही आपल्या लेकरांस जवळ घ्यावे, शास्त्रातील चार ओळी वाचाव्यात आणि मिळून गुडघे टेकावेत. एवढे कोणत्याही घरास करता येते.